वेगळे ठेवण्याचे मोल

अमेरिकेतील ऑरेगन राज्याने १९७१ मध्ये एक कायदा केला. बिअर किंवा शीतपेय घेताना ग्राहकाने बाटलीमागे पाच सेंट अनामत भरायची आणि रिकामी बाटली किंवा कॅन आणून दिला की ती अनामत परत घ्यायची. रस्त्याकडेला साठणारा कचरा कमी व्हावा, हा त्यामागचा हेतू होता. पुढे अमेरिकेतील आणखी काही राज्यांनी आणि युरोपातील अनेक देशांनी ही पद्धत स्वीकारली. कित्येक ठिकाणी बाटल्या परत घेणारी स्वतंत्र केंद्रेही उघडली. आजही या योजनेकडे मुख्यतः स्वच्छतेचा उपाय म्हणून पाहिले जाते. तिचे मोठे काम मात्र रसायनशास्त्राच्या अंगाने कळते. अनामतीची रक्कम पदार्थांची सरमिसळ रोखते, आणि पुनर्प्रक्रियेचे यशापयश बव्हंशी तिथेच ठरते.

पदार्थ एकमेकांत मिसळायला काहीच कष्ट पडत नाहीत. मिसळलेले निवडायला मात्र ऊर्जा, पाणी, यंत्रे आणि माणसांचे श्रम लागतात. पाण्याच्या बाटलीचे पेट प्लास्टिक पाण्यात बुडते आणि तिचे झाकण तरंगते, म्हणून ही दोन सहज वेगळी होतात. पीव्हीसी या दुसऱ्या प्लास्टिकची घनता मात्र पेटच्या जवळपास असल्याने तेही बुडते आणि पेटबरोबर पुढे जाते. पेट वितळवण्यासाठी सुमारे २५० अंश सेल्सिअस तापमान लागते. तेवढ्या उष्णतेत पीव्हीसीचे विघटन होऊन हायड्रोजन क्लोराइड बाहेर पडतो आणि तो पेटच्या लांब रेणुसाखळ्या तोडतो. मग पेट पिवळट आणि कमकुवत होते, त्याची नवी बाटली होऊ शकत नाही. काचेच्या भट्टीत सुमारे १५०० अंश तापमान असते, तरी कपबशीचा तुकडा त्यात नीट विरघळत नाही. नव्या बाटलीत तो खड्यासारखा राहतो आणि ती तिथेच तडकते. ॲल्युमिनियमच्या भंगारापासून धातू मिळवायला खनिजाच्या तुलनेत जेमतेम पाच टक्के ऊर्जा लागते. पण पेयांच्या कॅनमध्ये इंजिनाचे सिलिकॉनयुक्त ओतीव भाग मिसळले, तर ते सिलिकॉन पुन्हा बाहेर काढणे जवळपास अशक्य असते आणि त्या धातूपासून कॅनचा पत्रा करता येत नाही.

म्हणूनच परतावा केंद्राचे महत्त्व वजनावर मोजता येत नाही. तिथे येणारी प्रत्येक बाटली कशाची आहे आणि तिच्यात काय भरले होते, हे ठाऊक असते. पुनर्प्रक्रिया केलेल्या पेटमध्ये पुन्हा खाद्यपदार्थ भरायचे असतील, तर कच्च्या मालात खाद्येतर वापराचे पेट पाच टक्क्यांहून अधिक नसावे, असा युरोपच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा निकष आहे. सरमिसळ झालेल्या कचऱ्यातून ही खात्री देणे अवघड असते. बाटली परत आणायला पैशाचा आधार लागतो, हे लिथुआनियात दिसले. तिथे २०१६ मध्ये दहा युरोसेंटची अनामत सुरू झाली. त्याआधी साधारण एक तृतीयांश बाटल्या गोळा होत. दोन वर्षांत हे प्रमाण नव्वद टक्क्यांवर गेले. ऑरेगनमध्ये उलट घडले होते. महागाईने पाच सेंटचे मोल झिजत गेले आणि सलग दोन वर्षे परताव्याचे प्रमाण ८० टक्क्यांखाली राहिले. तेव्हा कायद्यातील तरतुदीनुसार एप्रिल २०१७ पासून अनामत दहा सेंट झाली आणि प्रमाण पुन्हा वर चढले.

केंद्रांचा खर्च कोण सोसणार, हा यावरचा पहिला आक्षेप. तो रास्त आहे, आणि कॅलिफोर्नियाने त्याचे उत्तर कटू अनुभवातून दिले आहे. तिथे ऑगस्ट २०१९ मध्ये एका मोठ्या कंपनीने आपली सर्व २८४ केंद्रे एकदम बंद केली, कारण भंगाराचे भाव पडले होते. ग्राहक अनामत भरत राहिले, पण अनेकांना ती परत मिळवायला जवळपास जागा उरली नाही. निवडून वेगळे ठेवणे ही सेवा आहे, आणि भंगाराच्या भावावर तिचे पोट भरू नये. न मागितल्या गेलेल्या अनामतीचा पैसा आणि उत्पादकांचे शुल्क यांतून तिचा खर्च निघायला हवा.

दुसरा आक्षेप आपल्याकडचा आहे: भंगारवाले आणि कचरावेचक बहुतेक पेट बाटल्या आधीच गोळा करतात, मग हा नवा खटाटोप कशाला? त्यांचे काम मोठे आहे आणि त्याला मोबदला अपुरा मिळतो. परंतु कचऱ्यातून मळून आलेली बाटली बहुधा पॉलिस्टर धाग्याच्या कारखान्यात जाते. बाटलीचा धागा झाला की तिचा प्रवास सहसा तिथेच संपतो. कडक प्लास्टिकच्या वेष्टनांत २०२५-२६ मध्ये ३० टक्के आणि २०२८-२९ पर्यंत ६० टक्के पुनर्प्रक्रिया केलेले प्लास्टिक असावे, असे उद्दिष्ट केंद्र सरकारने २०२२ मध्ये ठरवले. त्यासाठी नुसते भरपूर प्लास्टिक पुरणार नाही, ते स्वच्छही लागेल. अनामतीमुळे कचरावेचकाला प्रत्येक बाटलीमागे ठरलेला दर मिळू शकतो. अट एवढीच की केंद्राचे दार त्याच्यासाठी उघडे असावे. परतावा यंत्रे फक्त मॉलमध्ये बसवली, तर त्याच्या हातचे उत्पन्न जाईल. पुण्यात १९९३ पासून काम करणाऱ्या कागद काच पत्रा कष्टकरी पंचायतीसारख्या संघटनांना अशी केंद्रे चालवायला देणे, हा न्याय्य आणि व्यवहार्य मार्ग आहे.

महाराष्ट्राने २०१८ च्या प्लास्टिकबंदीत पेट बाटल्यांवर परतावा मूल्य छापण्याची तरतूद केली, पण बाटली परत करण्याची सवय काही रुजली नाही. गोव्याने २०२४ मध्ये अनामत परतावा योजना अधिसूचित केली आहे. कायदा करणे हे या कामातले सोपे पाऊल आहे. महागाईबरोबर वाढणारी अनामत, चालत जाता येईल इतके जवळचे केंद्र आणि ते चालवणाऱ्याला भंगाराच्या भावापासून संरक्षण, या तीन गोष्टी जमल्या तरच योजना टिकते. त्याहून एक गोष्ट अधिक निकडीची आहे. किती टन गोळा झाले याबरोबरच त्यातल्या किती बाटल्यांच्या पुन्हा बाटल्या झाल्या, हा आकडा सरकारने दरवर्षी जाहीर करावा आणि नागरिकांनी तो मागावा.