गोडेतेल, रॉकेल आणि डिझेलची गाडी

डिझेलवर चालणाऱ्या गाडीत डिझेलखेरीज दुसरे काही घातले तर ती चालेल काय, हा प्रश्न यंत्रशास्त्राचा आहे आणि त्याचे उत्तर बहुधा 'होय, काही काळ चालेल' असे येते. तसे करणे कायद्याला मान्य आहे काय, हा प्रश्न अगदी निराळा आहे. पहिल्याचे उत्तर मिळाले म्हणजे दुसऱ्याचेही मिळाले, अशा समजुतीने वागणारी माणसे आम्हांला पुष्कळ भेटतात. "गाडी माझी, तेल मी पैसे मोजून घेतलेले, मग मध्ये सरकार कुठून आले?" असे ती विचारतात. प्रश्न अगदीच गैरवाजवी नाही. पण त्याचे उत्तर द्यायचे तर आधी इंजिनाच्या पोटात काय घडते ते पाहिले पाहिजे.

पेट्रोलच्या इंजिनात ठिणगी पाडावी लागते. डिझेलच्या इंजिनात ठिणगी नाही. तेथे हवा दाबून दाबून मूळ जागेच्या पंधराव्या-विसाव्या हिश्शात कोंबली जाते, त्या दाबानेच ती विलक्षण तापते, आणि अशा तापलेल्या हवेत तेलाचा बारीक फवारा सोडला की तो आपण होऊन पेट घेतो. जे तेल फवाऱ्याच्या रूपाने आत जाईल आणि तापलेल्या हवेत पेटेल, ते या इंजिनाला चालते. रुडॉल्फ डिझेल याच्या हयातीतच याचा प्रत्यय आला होता. १९०० साली पॅरिसला भरलेल्या जागतिक प्रदर्शनात ऑटो कंपनीने डिझेलच्या पद्धतीचे एक छोटे इंजिन मांडले होते, आणि ते शेंगदाण्याच्या तेलावर चालत होते. ही कल्पना फ्रेंच सरकारची. आफ्रिकेतल्या आपल्या वसाहतींत भुईमूग अमाप पिकतो, तेव्हा तेथली यंत्रे तेथल्याच तेलावर चालवता येतील काय, हे त्या सरकारला पाहायचे होते. १० ऑगस्ट १८९३ रोजी डिझेलने शेंगदाणा तेलावर इंजिन चालवले असे आजकाल जैवइंधन दिनाच्या निमित्ताने छापून येते, ते खरे नव्हे. १८९३ साली इंजिन नुकते कुठे श्वास घेऊ लागले होते. शेंगदाण्याचा प्रयोग सात वर्षांनंतरचा.

मग आपण सारे गोडेतेलावरच का हिंडत नाही? एक कारण दाटपणा. वनस्पतींचे तेल डिझेलच्या मानाने दहापट किंवा त्याहूनही अधिक दाट असते. त्याचा फवारा नीट उडत नाही, थेंब मोठे पडतात, अर्धवट जळतात, नोझलवर काजळी धरते, पिस्टनच्या रिंगा चिकटतात, आणि न जळलेले तेल खाली उतरून इंजिन ऑइल खराब करते. पहिले काही हजार किलोमीटर गाडी खुशाल पळते, धुराला तळणीचा वास येतो, मालक खूष असतो. पुढे दुरुस्तीचे बिल येते. यावरचा शास्त्रीय उपाय म्हणजे तेलाची मेथॅनॉलशी कॉस्टिक सोड्याच्या साह्याने रासायनिक क्रिया घडवणे. तेलातले ग्लिसरीन वेगळे होऊन तळाशी बसते आणि वर पातळ द्रव उरतो. त्यालाच बायोडिझेल म्हणतात. कच्चे गोडेतेल म्हणजे बायोडिझेल नव्हे, हा भेद ध्यानात ठेवावा. पुढे कायद्याच्या संदर्भात त्याची गरज पडणार आहे.

आता कायद्याकडे वळू. त्याची सर्वांत बोलकी गोष्ट ब्रिटनमधल्या वेल्स प्रांतातली आहे. २००२ साली ब्रिटनमध्ये डिझेलच्या प्रत्येक लिटरवर सुमारे ४६ पेन्स इतका इंधनकर होता आणि त्यावर विक्रीकर वेगळा. उलट स्वयंपाकाचे तेल हा खाण्याचा जिन्नस, त्यावर विक्रीकरही नाही. तेव्हा बाजारात भाजीपाल्याबरोबर मिळणारे तेल पंपावरच्या डिझेलपेक्षा बरेच स्वस्त पडू लागले. दक्षिण वेल्समधल्या लानेली गावच्या व आसपासच्या काही गाडीवाल्यांनी हे हेरले आणि दुकानातून तेलाचे डबे आणून थेट टाकीत ओतायला सुरुवात केली. अखेर पोलीस जागे झाले. रस्त्यात गाड्या थांबवून धुराचा वास घेत ते आरोपी शोधू लागले. आपल्याकडे असते तर त्यांना लोकांनी 'भजी पथक' म्हटले असते. इंग्रजांनीही त्याच धर्तीचे नाव ठेवलेच. पकडले गेलेल्यांना दंड भरावा लागला.

या गाडीवाल्यांचा गुन्हा कोणता? टाकीत गोडेतेल ओतणे हा गुन्हा नव्हता. रस्त्यावरच्या गाडीत इंधन म्हणून जे काही वापराल त्यावर इंधनकर लागू होतो, मग ते विहिरीतून आलेले असो की सूर्यफुलातून, असे तेथला १९७९ चा कायदा सांगतो. आधी कळवून, कर भरून तेच तेल ओतले असते तर कोणी हटकले नसते. कर चुकवला हा गुन्हा. पुढे २००७ साली तेथल्या सरकारने वर्षाला २,५०० लिटरपर्यंत असे इंधन करणाऱ्यांना वा वापरणाऱ्यांना करातून सूट दिली, फक्त हिशेब ठेवायचा. म्हणजे पाच वर्षांपूर्वी ज्या कृत्यासाठी दंड झाला तेच कृत्य निर्दोष ठरले. गोडेतेलाचा किंवा इंजिनाचा गुणधर्म काही मधल्या काळात बदलला नव्हता.

तेव्हा अशा इंधनांच्या कायद्याची पाळेमुळे बहुधा किमतीतल्या फरकात असतात, आणि हा फरक पुष्कळदा सरकारनेच निर्माण केलेला असतो. एका तेलावर जबर कर, दुसऱ्यावर सवलत; इंजिनाला मात्र दोन्ही सारखीच दिसतात. जे इंजिनाला दिसत नाही ते माणसाच्या डोळ्यांना दिसावे म्हणून तेलाला रंग देतात. ब्रिटनमध्ये शेतीच्या यंत्रांसाठी कमी कराने दिले जाणारे डिझेल लाल असते, आणि रस्त्यावरच्या मोटारीच्या टाकीत तो लाल रंग सापडला की मालक अडचणीत येतो. आपल्याकडे रेशनचे रॉकेल निळे असते ते याच कारणाने.

भारतात गोडेतेलाचा मोह फारसा कोणाला पडला नाही, कारण ते डिझेलपेक्षा महाग. आपल्या देशातला मोह रॉकेलचा. २०११ च्या आरंभी रेशनचे रॉकेल लिटरला बारा रुपयांच्या आसपास मिळत होते आणि डिझेल चाळिसाच्या आसपास. गरिबाच्या घरी दिवा लागावा, चूल पेटावी म्हणून सरकार रॉकेल तोट्यात विकत होते, आणि त्यातले पुष्कळसे गरिबाच्या घरी पोहोचतच नव्हते. राष्ट्रीय उपयोजित अर्थशास्त्रीय संशोधन परिषदेने २००५ साली केलेल्या पाहणीत एक तृतीयांशाहून अधिक रॉकेल भलत्या वाटेला लागते असे आढळले होते. मागच्या दाराने निघालेल्या टँकरचा मोठा भाग डिझेलमध्ये मिसळण्यासाठी जात असे. निळा रंग होताच, पण तो काढून टाकण्याच्या युक्त्याही निघाल्या होत्या.

या धंद्यातल्या पैशाने माणसे मारली गेली, हे विसरता येत नाही. इंडियन ऑइलचा तरुण अधिकारी मंजुनाथ षण्मुगम याने उत्तर प्रदेशातल्या लखीमपूर खेरी जिल्ह्यात भेसळीचा एक पंप बंद पाडला होता. १९ नोव्हेंबर २००५ रोजी त्याला गोळ्या घालण्यात आल्या. आणि आपल्याच राज्यात, २५ जानेवारी २०११ रोजी, मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना मनमाडजवळ पानेवाडी परिसरात दिवसाढवळ्या रॉकेल ओतून जाळण्यात आले. पानेवाडीला तेल कंपन्यांचे मोठे साठे आहेत. रस्त्याने जाता जाता संशयास्पद टँकर दिसले म्हणून ते चौकशीला थांबले होते. त्यानंतर राज्यभर सरकारी कर्मचाऱ्यांनी काम बंद ठेवले, ठिकठिकाणी छापे पडले. लिटरमागे अठ्ठावीस रुपयांचा फरक म्हणजे काय, हे त्या दिवशी महाराष्ट्राला कळले.

कायद्याने यात कोण सापडतो? १९९३ च्या रॉकेल नियंत्रण आदेशाने रेशनचे रॉकेल स्वयंपाक आणि दिवाबत्ती यांखेरीज दुसऱ्या कामी वापरण्याची मनाई केली. ही मनाई दुकानदारापुरती नाही. टाकीत ओतणारा टेम्पोवालाही तिच्या कक्षेत येतो. हा आदेश १९५५ च्या जीवनावश्यक वस्तू कायद्याखालचा असल्यामुळे शिक्षा तीन महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत कैदेची आहे. शिवाय ज्या वाहनातून असा माल नेला ते वाहनही जप्त होऊ शकते. आपल्याला माहीत नव्हते आणि आपण पुरेशी खबरदारी घेतली होती, हे मालकाला सिद्ध करावे लागते. ड्रायव्हरने परस्पर केले, एवढे म्हणून मालक सुटेलच असे नाही.

२०२० पर्यंत रॉकेलवरची सवलत टप्प्याटप्प्याने उतरवण्यात आली, त्यामुळे मोहाचे मूळ पुष्कळसे उपटले गेले. इंजिनाच्या बाजूनेही वाट अरुंद झाली. १ एप्रिल २०२० पासून आलेल्या भारत टप्पा सहाच्या डिझेलमध्ये गंधक दहा लाख भागांत दहाच भाग चालतो. रॉकेलच्या मानकात तो अडीच हजार भागांपर्यंत चालत असे. नव्या गाड्यांच्या धुराड्यातली शुद्धीकरणाची यंत्रणा त्या गंधकाने बिघडते. रॉकेलला डिझेलचा वंगणगुणही नाही, म्हणून ज्या पंपाला तेलच वंगण म्हणून मिळते तो झिजतो.

पण एक मोह गेला की दुसरा येतो. २००३ साली नियोजन मंडळाच्या समितीने मोगली एरंडाची लागवड करून बायोडिझेल काढण्याची मोठी शिफारस केली. पडीक जमिनीवर, पाण्यावाचून, हे झुडूप भरभरून बी देईल असे सांगण्यात आले. झुडूप जगले, पण पाण्यावाचून बी भरभरून आले नाही. २००९ च्या धोरणात २०१७ पर्यंत वीस टक्के मिश्रणाचे उद्दिष्ट होते. २०१८ च्या धोरणाने ते डिझेलपुरते २०३० पर्यंत पाच टक्क्यांवर आणले. मधल्या काळात 'बायोडिझेल' हा शब्द मात्र लोकप्रिय झाला, आणि लोकप्रिय शब्दाच्या आड काय विकले जाईल याचा नेम नसतो. २०२० आणि २०२१ साली गुजरातेत, विशेषतः सौराष्ट्रात, बायोडिझेल म्हणून भलतीच औद्योगिक तेले मालमोटारींना विकणाऱ्या ठिकाणांवर सरकारला छापे घालावे लागले. ती तेले डिझेलपेक्षा बरीच स्वस्त होती, कारण डिझेलवरचा कर त्यांच्यावर नव्हता. लानेलीचीच गोष्ट, फक्त भज्यांचा वास नाही.

खऱ्या बायोडिझेलला भारतीय मानक संस्थेचे आय. एस. १५६०७ हे मानक आहे, आणि ते विकणाऱ्याला २०१९ च्या मार्गदर्शक नियमांप्रमाणे परवानगी घ्यावी लागते. रस्त्याकडेच्या टाकीतून स्वस्त तेल घेताना ही दोन गोष्टींची विचारणा गाडीवाल्याने अवश्य करावी आणि पावतीवर मालाचे नाव लिहून घ्यावे. धुराच्या तपासणीचा दाखला आहे, एवढ्यावर विसंबू नये; तो दाखला धुराविषयी बोलतो, टाकीत काय आहे याविषयी बोलत नाही. गाडीला मान्यता मिळते ती ठराविक इंधनावर झालेल्या चाचणीनंतर, आणि तेच इंधन नोंदणीपत्रावर लिहिलेले असते. ते इंधन बदलेल असा फेरफार गाडीत परस्पर करण्याला १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमाने मनाई आहे. वेगळी टाकी, तेल तापवण्याची नळी असली जोडणी वर्कशॉपमध्ये हौसेने करून घेणाऱ्यांनी ते कलम वाचावे. अपघात झाला तर विमा कंपनीचा माणूस ते आधी वाचतो.

राहिला प्रश्न तळून उरलेल्या तेलाचा, कारण प्रत्येक व्याख्यानानंतर कोणी ना कोणी तो विचारतोच. कढईत पुन्हा पुन्हा तापवलेले तेल आरोग्याला घातक. त्यातली अपायकारक द्रव्ये पंचवीस टक्क्यांच्या वर गेली की ते खाण्यासाठी वापरू नये, असा नियम १ जुलै २०१८ पासून लागू आहे. हे तेल गटारात ओतू नये, आणि हातगाडीवाल्याला स्वस्तात तर मुळीच विकू नये. आज तसेच होते आणि ते लोकांच्या पोटात जाते. त्याचे बायोडिझेल करणे हाच उत्तम मार्ग. ऑगस्ट २०१९ मध्ये सरकारी तेल कंपन्यांनी शंभर शहरांसाठी अशा बायोडिझेलची खरेदी जाहीर केली, पहिल्या वर्षी लिटरला एक्कावन्न रुपये भावाने. आमच्या मते मोगली एरंडापेक्षा हे पीक अधिक भरवशाचे आहे; भजी तळायला पावसाची वाट पाहावी लागत नाही.

दिवसाला पन्नास लिटरहून अधिक तेल लागणाऱ्या उपाहारगृहांना मार्च २०१९ पासून उरलेल्या तेलाची नोंद ठेवणे भाग आहे. किती तेल उरले आणि ते कोणत्या अधिकृत संकलकाला दिले, हे त्या वहीत लिहायचे असते. शेजारच्या टेम्पोवाल्याचे नाव तेथे चालत नाही.