मधल्या फळीतला खालिद

ऑगस्ट 2025 मध्ये खालिद जमील भारतीय फुटबॉल संघाचा मुख्य प्रशिक्षक झाला आणि त्याच्यावर लेखांचा पाऊस पडला. सॅव्हिओ मदेरा यांच्यानंतर तब्बल तेरा वर्षांनी त्या जागी भारतीय माणूस आला, तेव्हा हे व्हायचंच. पण त्या लेखांत त्याची खेळाडू म्हणूनची वर्षं एका वाक्यात उरकलेली दिसतात. माझं भांडण तिथे आहे.

जन्म कुवेतचा, 1977 चा. फुटबॉल मात्र मुंबईचं: आधी महिंद्र, मग एअर इंडिया, 2002 मध्ये पुन्हा महिंद्र युनायटेड, 2007 मध्ये नव्यानेच निघालेला मुंबई एफसी. दुखापतींनी कारकीर्द आखूड केली. 2009 मध्ये बूट उतरवले.

या नावांकडे नीट बघा. पहिली दोन नावं कंपन्यांची आहेत. मुंबईचं फुटबॉल टाटा, मफतलाल, ऑर्के मिल्स, आरसीएफ, बँका, पोलीस अशा संघांनी पोसलं. हारवूड लीग आणि नाडकर्णी चषकातली खुन्नस तिथून यायची. चांगल्या पोराला नोकरी लागायची, घरचे खेळू द्यायचे, आणि संध्याकाळी मुंबईच्या कूपरेज मैदानावर सामना असला की आम्ही ठाणे-डोंबिवलीवाले कचेरीतून परस्पर तिकडे. शेवटची मिनिटं सोडवत नसत, मग उशिराची कल्याण लोकल ठरलेली. ही व्यवस्था मागासलेली होती असं म्हणणारे विद्वान आजही भेटतात. त्यांना एवढंच सांगतो: डेरिक परेरांच्या हाताखाली महिंद्रने 2005-06 ची राष्ट्रीय लीग जिंकली, तोवर मुंबईच्या कोणत्याही संघाला ते जमलं नव्हतं. त्याआधी 2003 आणि 2005 चे फेडरेशन चषकही त्यांचेच. खालिद त्याच संघात घडला. मधल्या फळीत खेळणाऱ्याला मागचं आणि पुढचं दोन्ही सांभाळावं लागतं, कधी थांबायचं हे कळावं लागतं. हे शिक्षण त्याला पगारी, स्थिर संघात मिळालं.

मुंबई एफसीत पहिले प्रशिक्षक होते इंग्लंडचे डेव्हिड बूथ, बार्न्सली आणि ग्रिम्सबीकडून खेळलेले. 2009 पासून सात वर्षं तोच संघ खालिदने चालवला. कूपरेजचं काम निघालं की घरचे सामने पुण्याला बालेवाडीत, पैसा बेताचा. तरीही तो असेपर्यंत संघ आय-लीगमध्ये टिकून राहिला. 2016 मध्ये तो गेला. पुढच्याच मोसमात मुंबई एफसी तळाला राहिला आणि बंदही पडला. त्याच मोसमात खालिदच्या नव्या संघाने, मिझोरामच्या ऐझॉलने, आय-लीग जिंकली! 22 एप्रिल 2017 ला मोहन बागानवर 1-0, तीस तारखेला शिलाँगमध्ये 1-1, आणि विजेतेपद. याला चमत्कार म्हणतात. मला तो शब्द पटत नाही. त्या संघात आशुतोष मेहता आणि जयेश राणे होते, दोघेही आधी मुंबई एफसीकडून खेळलेले. खालिदने मुंबईतली आपली माणसं डोंगरात नेली. सीरियाचा अल आम्ना मधल्या फळीत होताच, पण बैठक कूपरेजची होती.

पुढचं सर्वांना ठाऊक आहे: नॉर्थईस्ट, जमशेदपूर, मग देशाचा संघ आणि सप्टेंबर 2025 मध्ये ओमानला पेनल्टींवर हरवून मध्य आशियाई स्पर्धेत तिसरा क्रमांक.

काही मंडळी मुंबईच्या फुटबॉलचा इतिहास 2014 पासून, म्हणजे इंडियन सुपर लीगपासून मोजतात. त्यांच्या लेखी महिंद्र 2010 मध्ये बंद झाला ही किरकोळ बातमी. रोव्हर्स चषक 1891 चा, तोही गेला. आमच्या बाजूला तर काय उरलं? अंबरनाथ युनायटेड अटलांटासारखा संघ आय-लीगच्या दुसऱ्या श्रेणीपर्यंत पोचला, हा एक दिलासा. कल्याणचं सुभाष मैदान, डोंबिवलीचं क्रीडा संकुल इथे सभा, प्रदर्शनं, क्रिकेट यांतून उरलेली जागा फुटबॉलला. शाळेत मधल्या फळीत उत्तम खेळणाऱ्या पोराला बारावीनंतर पुढे कुठे पाठवायचं, याचं उत्तर माझ्याकडे नाही; तीस वर्षांपूर्वी ते होतं.

ठाणे आणि कल्याण-डोंबिवलीच्या दोन्ही महापालिकांनी पूर्ण मापाचं एकेक मैदान केवळ फुटबॉलसाठी राखावं, आणि इथल्या कारखान्यांनी, बँकांनी पुन्हा संघ बांधावेत, खेळाडूंना पगारावर घ्यावं. वाचकांपैकी ज्यांच्या हातात असे निर्णय आहेत, त्यांनी यंदाच्या अंदाजपत्रकात ही तरतूद करावी.