नाताळची सुटी आणि पंचोबा

१८ जानेवारी १८४२ रोजी निफाडला जन्मलेले समाजसुधारक महादेव गोविंद रानडे दोन वर्षांचे होत आले होते, तेव्हा लंडनमध्ये चार्ल्स डिकन्सचं ‘अ ख्रिसमस कॅरल’ निघालं. चित्रं ‘पंच’ या विनोदी साप्ताहिकाच्या जॉन लीचची. त्यातल्या एका रंगीत चित्रात नाताळचा धिप्पाड पुरुष बसलाय. झगा लाल नव्हे, हिरवा! छाती उघडी, डोक्यावर हॉलीच्या पानांचा मुकुट, हातात मशाल, भोवती टर्की, पुडिंग आणि फळांची रास. समोर झोपायच्या टोपीतला कंजूष स्क्रूज अंग चोरून उभा. पुढे विलायती नाताळ अंकांनी वर्षानुवर्षं रंगवली ती अशीच खादाडी.

अमेरिकेत मात्र व्यंगचित्रकार थॉमस नास्टने १८६३च्या जानेवारीत सांताला थेट लष्करी छावणीत नेलं, अंगात राष्ट्रध्वजाच्या नक्षीचा कोट चढवून. म्हणजे सांताही राजकारणातून सुटला नव्हता.

मुंबईच्या ‘हिंदी पंच’मध्ये तर नाताळ म्हणजे राजकारणच. १८५४ साली ‘पारसी पंच’ म्हणून सुरू झालेलं हे पत्र पुढे बर्जोरजी नवरोजींनी नावारूपाला आणलं. मजकूर गुजराती-इंग्रजी, आणि लंडनच्या मिस्टर पंचचा इथे झालेला ‘पंचोबा’. नाताळात कोर्टकचेऱ्या बंद, वकील मोकळे, म्हणून काँग्रेस याच आठवड्यात भरे. पहिलं अधिवेशन २५ डिसेंबर १८८५ला पुण्यात ठरलं होतं; तिथे पटकी पसरली, म्हणून २८ तारखेला मुंबईत गोकुळदास तेजपाल पाठशाळेत झालं. पंचोबाला दर डिसेंबरला आयतं गिऱ्हाईक मिळालं. १८८६ ते १९०१ या काळातल्या काँग्रेसवरच्या व्यंगचित्रांचं तर वेगळं पुस्तकच निघालं.

रानड्यांची समाजसुधारणेसाठीची सामाजिक परिषदही १८८७पासून याच सुटीत, काँग्रेसच्याच मांडवात भरू लागली. पाहुणे तेच, मांडव तोच, खर्च कमी. हा हिशेब रानड्यांना शोभणारा. पण १८९५ला पुण्यात काँग्रेसच्या मांडवात सामाजिक परिषद नको म्हणून इतका गदारोळ झाला की रानड्यांनी ती दुसरीकडे हलवली. माझ्या मते लीचच्या मेजवानीपेक्षा हा मांडवाचा तंटा व्यंगचित्रकाराला जास्त सकस खाद्य होतं.

रानडे १९०१च्या जानेवारीत गेले. १९०७च्या नाताळात सुरतेच्या काँग्रेस अधिवेशनात मवाळ-जहाल भिडले, आणि मंचावर भिरकावलेला जोडा सुरेंद्रनाथ बॅनर्जी नि फिरोजशहा मेहता, दोघांनाही चाटून गेला.