मण्यारीचे विष, घोड्याचे रक्त आणि आता प्रयोगशाळा

भाद्रपदात भाताला पोटरी आली की आमच्या पाम-टेंभीच्या बाजूला घरोघरी म्हातारी माणसे बजावतात, "बत्ती घेतल्याशिवाय ओट्याखाली पाय टाकू नको रे." एका अंगाला तारापूरचे कारखाने, दुसऱ्या अंगाला भाताची खाचरे. कारखान्यांचे भोंगे आले, वीज आली, पण साप काही गाव सोडून गेले नाहीत.

माझा आत्येभाऊ अशाच एका रात्री जमिनीवर चटई टाकून झोपला होता. पहाटे पोटात कळ आली म्हणून उठला. आत्याला वाटले, रात्रीचे मासे बाधले. तिने ओवा दिला. अंगावर कुठे जखम नाही, सूज नाही. तासाभराने त्याच्या पापण्या मिटू लागल्या, जीभ जड झाली, तेव्हा कुणाच्या तरी तोंडून 'मण्यार' हा शब्द निघाला. मग भगत, मग गाडीची शोधाशोध. पहिल्या दवाखान्यात लस नव्हती. तिथून पुढे पाठवले. चार दिवस यंत्राने श्वास दिला, तेव्हा पोरगा वाचला.

मण्यारीची गोष्टच अशी आहे. तिचे दात बारीक, दंश दुखत नाही, आणि विष मज्जातंतूंवर काम करते. नागाचेही विष मुख्यतः तसेच. घोणस आणि फुरसे यांचे मात्र रक्तावर जाते. रक्त गोठेनासे होते. म्हणून डॉक्टर काचेच्या कोरड्या नळीत थोडे रक्त घेऊन वीस मिनिटे न हलवता ठेवतात. वीस मिनिटांनी ते पातळच राहिले तर समजावे, विष भिनले. इतकी साधी परीक्षा, पण तिच्यावर जीव अवलंबून असतो.

आता ती लस म्हणजे काय ते पाहू. लस म्हणायची आपली सवय, खरे तर तो उतारा आहे. सापाचे विष अगदी थोडे घोड्याला टोचतात, मग महिनोन्‌महिने मात्रा वाढवत नेतात. घोडा मरत नाही, उलट त्याचे रक्त त्या विषाशी झुंजणारी द्रव्ये तयार करते. ते रक्त काढून, तांबड्या पेशी घोड्याला परत देऊन, उरलेल्या भागातून ही द्रव्ये वेगळी करून वाळवतात. बाटलीतली पांढरी पूड ती हीच. फ्रेंच डॉक्टर काल्मेत यांनी १८९० च्या दशकात ही वाट पाडली आणि सव्वाशे वर्षांनंतरही जग तीच चालते आहे. आपल्याकडे परळच्या हाफकिनचे नाव त्यात घ्यावे लागते. १८९७ च्या जानेवारीत हाफकिनसाहेबांनी प्लेगची लस आधी स्वतःला टोचून घेतली होती. त्यांच्याच नावाच्या संस्थेतून पुढे हा उताराही तयार होऊ लागला.

पण उताऱ्यातही उणीव आहे. आपल्याकडच्या बाटलीत नाग, मण्यार, घोणस, फुरसे या चारांचाच उतारा असतो. झाडावरच्या हिरव्या चापड्याचा नाही. शिवाय त्यासाठी लागणारे विष बहुतांशी तामिळनाडूतल्या इरुळा लोकांच्या सहकारी संस्थेकडून येते. एकाच जातीचा साप दक्षिणेत आणि उत्तरेत वेगळे विष बाळगतो, त्यामुळे तिकडच्या विषावरचा उतारा इकडे तितका चालेलच असे नाही. घोड्याचे परके द्रव्य अंगात गेले म्हणून काहींना खाज, थंडी, कधी धाप लागते. म्हणून तो दवाखान्यातच घ्यायचा.

यावर नवी विद्या काय म्हणते? ती म्हणते, घोडा नकोच. बंगलोरच्या भारतीय विज्ञान संस्थेत कार्तिक सुनगर आणि त्यांच्या परदेशी सहकाऱ्यांनी २०२४ साली माणसाच्याच झुंजार द्रव्यांच्या अब्जावधी नमुन्यांतून एक असे निवडले, की नाग, मण्यार आणि आफ्रिकेतला काळा माम्बा यांच्या विषातल्या एका मोठ्या घटकाला ते एकटेच थोपवते. उंदरांवर ते सिद्ध झाले. माणसांपर्यंत यायला वेळ आहे, आणि घोणसीवर ते चालणार नाही. तरी दिशा मला पटते.

हीच विद्या सैन्यालाही हवी असते, हे ऐकून नवल वाटेल. आपल्या बांधावरचा एरंड घ्या. त्याच्या बीत रायसिन नावाचे जहाल विष असते. १९७८ साली लंडनमध्ये मार्कोव्ह या बल्गेरियन लेखकाला एवढ्याशा गोळीतून तेच टोचून मारले, असे तपासात मानले गेले. गुरांना होणारी काळपुळी २००१ साली अमेरिकेत टपालाच्या पाकिटांतून पाठवली गेली, पाच माणसे दगावली. जंतूंची शस्त्रे करू नयेत असा जगाचा करार १९७५ पासून लागू आहे, भारतही त्यात आहे. करार असले तरी राखण लागते. ग्वाल्हेरला आपल्या संरक्षण खात्याची प्रयोगशाळा त्याच कामाला आहे. विष ओळखणे आणि उतारा शोधणे, दोन्हीकडे काम एकच. सीमेवरच्या जवानासाठी शोधलेली वस्तू उद्या खाचरातल्या माणसाच्याही कामी येईल. उलट मात्र होऊ नये, ही भीती शास्त्रज्ञांनाही आहे.

आकडा ऐका. २००० ते २०१९ या वीस वर्षांत आपल्या देशात सर्पदंशाने सुमारे बारा लाख माणसे गेली, म्हणजे वर्षाला ५८ हजार. त्यांतली बहुतेक खेड्यांतली. सरकारने मार्च २०२४ मध्ये राष्ट्रीय आराखडा काढला, २०३० पर्यंत हे मरण निम्म्यावर आणायचे ठरवले. आपल्या डहाणू तालुक्यात वैद्यक संशोधन परिषदेच्या मुंबईच्या संस्थेने या प्रश्नाचा अभ्यास केला, तो घराजवळचा म्हणून सांगतो.

तोवर घट्ट दोरी बांधू नये, जखम चिरू नये, चोखू नये. माणसाला चालवू नये, धीर द्यावा, दंशाचा भाग हलू देऊ नये, १०८ ला फोन करावा. पहाटे उगाच पोट दुखले आणि पापण्या जड झाल्या तर ओवा शोधत बसू नये. सरकारी दवाखान्यात उतारा फुकट मिळतो. नेपाळच्या तराईत पाहणी झाली, तिथे मच्छरदाणी लावून झोपणाऱ्यांना रात्रीचे दंश बरेच कमी झाले होते. आत्याने पोराला आता खाट करून दिली आहे. मच्छरदाणीची कड ती रोज स्वतःच्या हाताने गादीखाली खोचते. तो पंचवीस वर्षांचा झाला, तरी हे काम ती सुनेला करू देत नाही.