हात दाखवा, यान थांबवा!

अक्कलकुव्याहून मोलगीला येताना देवगोई घाट लागला, की मोबाइलचं नेटवर्क आपला निरोप घेतं. रील अर्ध्यावर अडकते, व्हॉट्सॲपवरचं घड्याळ फिरत राहतं. गेल्या दिवाळीत मी घरी येत होते. जीपमध्ये दाटीवाटीने चौदा जण, मांडीवर कुणाची तरी किराण्याची पिशवी, आणि मी कानात इअरफोन घालून एकटीच खुदुखुदु हसतेय. शेजारच्या मावशींनी दोनदा वळून पाहिलं. पोरगी शहरात जाऊन कामातून गेली, असं त्यांना नक्की वाटलं असणार.

मी ऐकत होते 'द हिचहायकर्स गाइड टू द गॅलॅक्सी'. विज्ञानकथा, पण हसवणारी. हिचहायकिंग म्हणजे रस्त्याच्या कडेला उभं राहून येणाऱ्या-जाणाऱ्या गाडीला हात करत केलेला प्रवास. हे आपल्याला कुणी शिकवायला नको. एसटीनेही 'हात दाखवा, बस थांबवा' म्हटलंच होतं. इथे बसच्या जागी अंतराळयान आहे, एवढाच फरक.

गोष्ट अशी. आर्थर डेंट नावाचा एक साधा इंग्रज माणूस सकाळी उठतो, तर दारात बुलडोझर. बायपाससाठी त्याचं घर पाडायचंय. 'नोटीस लावली होती की,' म्हणतात. कुठे? कचेरीच्या तळघरात, कुलूपबंद कपाटात, आणि ते कपाट वापरात नसलेल्या संडासात. दारावर आत बिबट्या असल्याची पाटी. आर्थर बुलडोझरपुढे चिखलात आडवा पडतो. तेवढ्यात आकाशात परग्रहवासीयांची अवाढव्य यानं येतात. अंतराळातल्या बायपाससाठी त्यांना अख्खी पृथ्वीच पाडायचीय. नोटीस? तीही लावली होती, दुसऱ्या एका ताऱ्याजवळच्या कचेरीत! आर्थरचा मित्र फोर्ड हा मुळात परग्रहावरचा. तो आर्थरला घेऊन त्यातल्याच एका यानात घुसतो आणि प्रवास सुरू होतो.

घरी पोचल्यावर मी हे आजीला आमच्या बोलीत सांगितलं. वाटलं, हसेल. ती हसली नाही. तिने एवढंच विचारलं, 'मग त्या माणसाला परत घर मिळालं का?'

माझ्याकडे उत्तर नव्हतं, कारण मी सुरुवातीलाच होते. आणि पुढे कळलं, की या मालिकेत या प्रश्नाला एकच उत्तर नाही. रेडिओवर एक, पुस्तकात दुसरं, सिनेमात तिसरं. म्हणूनच 'सुरुवात कुठून करू?' हा प्रश्न भल्याभल्यांना पडतो. तुम्हालाही पडला असेल, तर माझा अनुभव घ्या.

आधी कान

माझं मत स्पष्ट आहे : रेडिओपासून सुरू करा. कारण ही गोष्ट जन्मलीच रेडिओवर. ८ मार्च १९७८, रात्री साडेदहा, बीबीसी रेडिओ ४. लेखक डग्लस ॲडम्स तेव्हा जेमतेम २६ वर्षांचा होणार होता. म्हणजे आपल्यापेक्षा चारेक वर्षांनी मोठा! पहिल्या मालिकेचे सहाच भाग आहेत, एकेक भाग साधारण अर्ध्या तासाचा. पुढे भर पडून १९८०पर्यंत बारा भाग झाले. बीबीसीच्या रेडिओफोनिक वर्कशॉपने त्यासाठी असे आवाज तयार केले, की यान डोळ्यांसमोर उभं राहतं. बजेट लागतं फक्त तुमच्या कल्पनाशक्तीचं.

इंग्रजीची भीती वाटते? मलाही वाटायची. पहिला भाग मी तीनदा ऐकला. या भागांची मूळ संहिता १९८५मध्ये पुस्तकरूपात आली आहे. ती समोर ठेवून ऐका, निम्मी भीती तिथेच जाते. मालिका ऑडिओबुक म्हणून विकत मिळते. एक टीप : घाट चढायच्या आधी डाउनलोड करून ठेवा.

गंमत म्हणजे भाषेच्या भीतीवर गोष्टीतही औषध आहे. बेबल फिश नावाचा छोटा मासा कानात घातला, की विश्वातली कुठलीही भाषा कळते. १९९७मध्ये इंटरनेटवर भाषांतराची सोय आली, तिला हेच नाव दिलं गेलं. घरी एक बोली, शाळेत मराठी आणि कॉलेजात इंग्रजी अशी कसरत करणाऱ्या आपल्यासारख्यांना हा मासा आधी मिळायला हवा होता, नाही का?

मग पुस्तक

पहिलं पुस्तक ऑक्टोबर १९७९मध्ये आलं. ते साधारणपणे रेडिओच्या पहिल्या चार भागांवर आधारलेलं आहे. शेवट अचानक होतो, तेव्हा पानं गहाळ झालीत असं समजू नका. ॲडम्स मुदत पाळण्यात महाकच्चा होता. शेवटी प्रकाशकाने त्याला सांगितलं, की लिहितोयस तेवढं पान संपव आणि दे पाठवून. हे तो स्वतःच सांगायचा. सबमिशनच्या आदल्या रात्री जर्नल पूर्ण करणाऱ्यांनो, आपला माणूस आहे हा!

पुढे १९८०, १९८२, १९८४ आणि १९९२ अशी आणखी चार पुस्तकं आली. गंमत म्हणून तिला 'पाच भागांची त्रिधारा' म्हटलं जायचं. २००१मध्ये ॲडम्स ४९व्या वर्षी गेला. २००९मध्ये ओवेन कोल्फर या लेखकाने सहावं पुस्तक लिहिलं. पहिली दोन सलग वाचा, मग थांबा. आवडलं तरच पुढे जा.

पडदा आणि कीबोर्ड

१९८१ची बीबीसीची टीव्ही मालिका सहा भागांची आहे. आजच्या व्हीएफएक्सची सवय असेल, तर सेट पुठ्ठ्याचे वाटतील. पण त्यातली 'कॉम्प्युटर ग्राफिक्स' नीट पाहा. ती कॉम्प्युटरवर केलेलीच नाहीत, हाताने केलेलं ॲनिमेशन आहे ते.

२००५चा सिनेमा चकाचक आहे. मार्टिन फ्रीमन आर्थर झालाय, सदा उदास असलेल्या मार्विन रोबोला ॲलन रिकमनचा आवाज आहे. मित्रमैत्रिणींसोबत बघायला मस्त, पण सुरुवात इथून नको. कारण या मालिकेचं हसू शब्दांत आहे आणि सिनेमात पळापळीला जास्त जागा मिळालीय.

आणि गेम? १९८४मध्ये आला. चित्रं नाहीत, सगळा शब्दांवर चालतो. तुम्ही टाइप करायचं, तो उत्तर देणार. बेबल फिश मिळवण्याचं कोडं इतकं छळतं, की त्यासाठीच तो बदनाम आहे. बीबीसीने २००४मध्ये तो ऑनलाइन फुकट खेळायला ठेवला होता. हा सर्वांत शेवटी.

यातली 'खरी' आवृत्ती कुठली, यावर भांडू नका. ॲडम्सने प्रत्येक वेळी स्वतःच गोष्ट बदलली आणि त्याची त्याला लाज नव्हती. आपल्याकडेही तीच गोष्ट आजी एक सांगते, मामा दुसरी सांगतो. खोटं कोण?

मराठीत काय?

याच्या जोडीला जयंत नारळीकर वाचा. त्यांचा 'यक्षांची देणगी' हा कथासंग्रहही १९७९चाच. योगायोग बघा : १९७१मध्ये ॲडम्स केंब्रिजच्या सेंट जॉन्स कॉलेजात दाखल झाला, तेव्हा नारळीकर केंब्रिजमध्येच होते. १९७२मध्ये ते मुंबईला टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आले. नारळीकरांच्या कथेत विज्ञान पक्कं असतं, ॲडम्सच्या कथेत विज्ञानाची टिंगल पक्की असते. दोन्ही वाचल्यावर कळतं, की विज्ञानकथा म्हणजे फक्त लेझर गन नव्हे.

आजीचा प्रश्न

आता एक गोष्ट, जी मला जीपमध्ये कळली नव्हती. मी ज्या नोटिशीवर हसत होते, तिच्यावर आजी का हसली नाही?

पहिलं पुस्तक ऑक्टोबर १९७९चं. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये नर्मदा पाणी तंटा लवादाचा अंतिम निवाडा आला आणि सरदार सरोवर धरणाची उंची ठरली. महाराष्ट्रातली ३३ गावं बाधित ठरली, सगळी आपल्या जिल्ह्यातली, अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांतली. पाण्याखाली जाणारं राज्यातलं पहिलं गाव मणिबेली, आपल्याच तालुक्यातलं. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला पावसाळ्यात तिथली माणसं चढत्या पाण्यात उभी राहिली होती. आर्थर बुलडोझरपुढे आडवा पडला, तसंच.

ॲडम्सला मणिबेली माहीत असण्याचं कारण नाही. पण कागद कुठेतरी लागतो, ज्याचं घर जाणार त्याला तो दिसत नाही आणि वर त्यालाच विचारतात, 'वाचला का नाहीस?' हे त्याला बरोबर माहीत होतं. म्हणून तो विनोद लंडनमध्येही चालतो आणि मोलगीत जरा टोचतो. माझ्या मते मालिकेची पहिली वीस मिनिटं आपल्या भागातल्या पोरांना इतर कुणाहीपेक्षा जास्त कळतील. म्हणूनच 'हे आपल्यासाठी नाही' असं म्हणून बाजूला ठेवू नका.

राहिला आजीचा प्रश्न. पहिल्या रेडिओ मालिकेत आणि टीव्हीवर आर्थर पृथ्वीवर पोचतो खरा, पण लाखो वर्षं आधीच्या. सिनेमात पृथ्वी नव्याने बांधली जाते. चौथ्या पुस्तकात त्याला त्याचं घर परत मिळतं, जसंच्या तसं. पाचवं पुस्तक मात्र इतकं काळोखं आहे, की २००५च्या नव्या रेडिओ मालिकेत शेवट जरा मऊ करावा लागला.

होळीला घरी आले, तेव्हा आजीला चौथ्या पुस्तकातलं उत्तर सांगितलं. 'मिळालं घर,' म्हटलं. ती 'बरं झालं' म्हणाली आणि भाकरी उलटायला वळली. पाचव्याबद्दल मी अजून तिला काही सांगितलेलं नाही.