बालेवाडीचा ट्रॅक काढावा का?

शनिवार पेठेतल्या आम्हा फुटबॉलवेड्यांचा हा लाडका वाद! ⚽

पुण्यातल्या बालेवाडीचं स्टेडियम 1994 च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी उभं राहिलं. एफसी पुणे सिटी 2019 पर्यंत इथे खेळली. 2022 मध्ये महिला फुटबॉल आशिया चषकाचे सामनेही झाले.

अडचण प्रेक्षक आणि मैदान यांच्यातल्या अंतराची. 400 मीटरच्या आठ पदरी ट्रॅकमध्ये 105 मीटरचं मैदान आखलं, की गोलरेषेपासून ट्रॅकची बाहेरची कड सुमारे 36 मीटर लांब जाते. गोलामागून खेळाडूच्या पाठीवरचा नंबरही धड दिसत नाही.

पण ट्रॅक उखडू नका, धावपटूंना तो हवाच. पॅरिसजवळच्या स्टाद द फ्रान्समध्ये खालच्या रांगा ट्रॅकवर पुढे सरकतात. आपल्याकडे सामन्यापुरते तात्पुरते स्टँड तरी लावा!

तुमचं मत काय?