पार्श्वभूमी पडताळणी : काम खासगी संस्थेचे, उत्तरदायित्व कार्यालयाचे

मयूर विहारमध्ये भाड्याने राहणाऱ्या सातारच्या तरुणाची केंद्रीय सेवेत निवड झाल्यास, गेल्या पाच वर्षांत वर्षाहून अधिक काळ वास्तव्य केलेले सर्व पत्ते त्याला साक्षांकन अर्जात नोंदवावे लागतात. चारित्र्य पडताळणी पोलीस करतात. पदवी, अनुभव तपासण्याची सेवा मात्र निविदा काढून खासगी संस्थांकडूनही घेता येते. अशा निविदेत दराइतकेच महत्त्व चुकीच्या नोंदीच्या दुरुस्तीला हवे, कारण केवळ नामसाधर्म्यामुळेही नोकरी जाऊ शकते. उमेदवाराने दडवलेल्या क्षुल्लक गुन्ह्याकडेही नियोक्ता विवेकाने दुर्लक्ष करू शकतो, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१६मध्ये अवतार सिंग प्रकरणात स्पष्ट केले. हा विवेक माहितीसाठ्याकडून अपेक्षिता येणार नाही. डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायदा, २०२३च्या कलम ८मध्येही, विदेवरील प्रक्रिया इतरांकडून करवून घेतली तरी उत्तरदायित्व मूळ संस्थेचेच राहते, असे नमूद आहे. करारात काहीही लिहिलेले असो.